बाटलीवरचा बारीक आकडा

‘अहो ताई, आमचे हे दारू नाही पीत. फक्त बियर घेतात!’

बचत गटाच्या बैठकांमध्ये हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की कुणी ‘आमचे हे’ म्हणून सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. सांगणारीच्या आवाजात थोडं समाधान असतं. शेजारणीचा नवरा देशीच्या दुकानाबाहेर लोळतो, आपला निदान बियर शॉपीतून पिशवीत घालून बाटली घरी आणतो, म्हणजे आपलं घर एक पायरी वर! लग्न जमवतानासुद्धा हल्ली हे चालतं. ‘मुलगा तसा निर्व्यसनी आहे हो, कधीतरी मित्रांबरोबर बियर, बस्स.’ मुलीची आईही मान डोलावते. बियर म्हणजे जणू उसाच्या रसाची शहरात शिकायला गेलेली बहीण!

आमच्या तालुक्याच्या गावात मी अठरा वर्षं दारूच्या प्रश्नावर काम करतेय. आडव्या बाटलीचं मतदानही आम्ही घडवून आणलं होतं. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे तेव्हा नियम असा होता, की वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे हं, यादीतल्या एकूण बायकांपैकी! म्हणजे जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी ऊसतोडीला गेली, जी देवाघरी गेली पण यादीत राहिली, त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने. आम्ही थोडक्यात हरलो. असो. तो विषय वेगळा आहे आणि एकदा सुरू झाला की मला आवरत नाही.

सांगायचं ते हे, की इतकी वर्षं ज्या वस्तूशी आपण भांडतो, ती आपण नीट पाहिलेली तरी असते का? आपल्याला बाटलीचा वास माहीत, रिकाम्या बाटलीला भंगारवाला काय देतो ते माहीत. बाटलीच्या आत काय आहे, किती आहे, ते कसं बनतं, याबद्दल आपण बायका अगदी कोऱ्या. मीसुद्धा बी.ए.ला इतिहास घेतलेली बाई, मला तरी काय ठाऊक असणार? आणि ‘चांगल्या घरच्या बाईने ते वाचायचंसुद्धा नाही’ असा एक अलिखित नियम असतोच. त्या नियमाचा फायदा कुणाला होतो, याचा विचार करून बघा.

म्हणून माझी पुण्याची भाची म्हणाली, ‘मावशी, एकदा माझ्याबरोबर क्राफ्ट ब्रुअरी बघायला चल, तिथे टेस्टिंग रूम असते, सगळं समजावून सांगतात,’ तेव्हा मी हो म्हटलं. आमच्या ह्यांना बरोबर यायचा आग्रह केला तर म्हणाले, ‘तुम्ही दोघी जाऊन या, मी तोवर बाकरवडी घेऊन येतो.’ महिला मंडळातल्या एकीने मात्र स्पष्टच विचारलं, ‘ताई, तुम्हीच तिथे गेलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?’ मी म्हटलं, ‘बाई गं, गेली अठरा वर्षं मी दुसऱ्याच्या तोंडचा वास घेतेय. एकदा स्वतः घोट घेऊन बघितला तर माझा हात काही पुढच्या निवेदनावर सही करताना थरथरणार नाही.’ तिला ते पटलं नाही. तिच्या घरात जे झालंय ते पाहता पटू नयेच, असंही मला वाटलं.

क्राफ्ट ब्रुअरी म्हणजे थोड्या प्रमाणात, स्वतःच्या पद्धतीने बियर बनवणारा छोटा कारखाना. बहुतेक ठिकाणी त्याला लागूनच बसायची जागा असते. पुण्यात याची सुरुवात २००९ मध्ये ‘डूलाली’ नावाच्या ब्रुअरीने केली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय! ब्रिटिशांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत पडून असत. ऊन, ताप, रिकामपण. त्यात काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ असा शब्दच पडला, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. आता पुण्यात अशा बऱ्याच ब्रुअरी आहेत. आम्ही गेलो ती मुंढव्याच्या बाजूला होती.

आत शिरताना माझी छाती धडधडत होती हे लपवत नाही. परमिट रूमची मला सवय आहे, म्हणजे बाहेरून! काळ्या काचा, मिणमिणता दिवा, दारात पानाच्या पिचकाऱ्या. इथे भिंतभर काच आणि लख्ख उजेड. एका टेबलावर आजोबा-आजीसकट कुटुंब बसलेलं, मुलांसमोर लिंबू सरबत. काचेपलीकडे चकचकीत स्टीलच्या उंच टाक्या. डेअरीत आलो की काय असं वाटावं! बियर बनवणारा मुलगा सांगलीकडचा, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला. मी दारूबंदीचं काम करते हे भाचीने त्याला आधीच सांगून टाकलं होतं (कार्टी!). तो हसून म्हणाला, ‘काकू, तुम्ही तर यायलाच पाहिजे. जे पिणारे येतात ते काही विचारतच नाहीत.’

मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना मला सारखं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. बियरचा पाया म्हणजे बार्ली. उन्हाळी लागली की आपण जिचं पाणी पितो तीच ही बार्ली, म्हणजे जव. ती भिजवायची, मोड आणायचे, मोड वाढायच्या आत वाळवायची आणि भरडायची. अहो, हे तर आपलं नाचणीचं सत्त्व! लेकीच्या बाळासाठी आपण नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून सावलीत वाळवतो ना, तसंच. मोड आले की दाण्यात पिष्टाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात, म्हणून सत्त्व पचायला हलकं आणि किंचित गोडसर लागतं. तीच युक्ती इथे. भरडलेलं धान्य साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात ठेवलं की पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचं. खाली उरलेला चोथा गोठेवाले गुरांसाठी घेऊन जातात. मग ते पाणी उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स ही भांगेच्या कुळातली एक वेल, तिची फुलं कडू असतात. पण नशेसाठी नाही हं, कडूपणासाठी, वासासाठी आणि टिकण्यासाठी. नंतर गार करून यीस्ट घालायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व वायू सोडतं. इडलीचं पीठ फुगतं तेव्हा पातेल्यात असंच काहीसं चाललेलं असतं, फक्त तिथे पुढे आपण उकड काढतो.

त्याने दाण्यांची एक वाटी पुढे केली. चावून बघितले. गोड, खमंग, लाह्यांसारखे. मनात म्हटलं, बियरपेक्षा हेच विका की रे बाबांनो!

आता चव. एका लाकडी पट्टीत चार भोकं, त्यात चार छोटे ग्लास, प्रत्येकात १०० मिलीलिटर. याला ते ‘फ्लाइट’ म्हणतात. दोघींत एकच मागवली. फुकट नसते, पैसे मोजावे लागतात. आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग घोट. मध्ये साधं पाणी. फिक्या चवीकडून कडक चवीकडे जायचं. लोणचं खाऊन कुणी आमटीची चव बघत नाही ना, तसंच.

पहिली होती बेल्जियन पद्धतीची गव्हाची. वास घेतला आणि मी भाचीकडे बघतच राहिले. धने! आपल्या गोड्या मसाल्यातले धने, आणि संत्र्याची साल. मुलगा म्हणाला, बरोबर ओळखलंत, दोन्ही घातलेलं असतं. पुण्यात शिकलेले इंजिनियर लोक हे ओळखत नाहीत म्हणे. कसे ओळखणार, कधी धने भाजलेत का त्यांनी? दुसरी जर्मन पद्धतीची गव्हाची. तिला चक्क पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास, पण तिच्यात ना केळं ना लवंग. तो वास यीस्टच तयार करतं. तिसरी ‘इंडिया पेल एल’. नावात इंडिया असली तरी ती आपली नव्हे. इथल्या गोऱ्या साहेबांसाठी विलायतेहून बियर यायची, तेव्हा बोट आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला लागायची. वाटेत खराब होऊ नये म्हणून कडू हॉप्स जास्त घालत. त्यातून ही जात नावारूपाला आली. चवीला कारल्याचा रस मोसंबीच्या सालीत घोटल्यासारखी. मी एक घोट घेऊन भाचीकडे सरकवली. (नंतर १८५५ च्या सुमारास एडवर्ड डायर नावाच्या माणसाने कसौलीला बियरचा कारखाना काढला. जालियनवाला बागेत गोळीबार करणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. इतिहासाची विद्यार्थिनी असूनही मला हे तिथे कळलं!) चौथी काळी कुळकुळीत ‘स्टाउट’. भाजलेल्या बार्लीची, म्हणून कॉफीचा आणि तव्यावर विसरलेल्या पोळीचा वास.

आवडली का? धन्यांची आवडली. तसं लिहायला मला काही लाज वाटत नाही. दोन घोटांत आवडली आणि दोन घोटांत पुरे झाली. आपल्या मनात जे भूत असतं त्याला जवळून बघितलं की ते धान्य, पाणी, एक कडू फूल आणि यीस्ट निघतं. पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही, तेवढं ध्यानात असू द्या. दूधसुद्धा उतू गेलं की भाजतं, आणि हे तर दूध नव्हे.

घरी आल्यावर मी वाचनालयात जाऊन जरा शोधाशोध केली. हा सगळा उद्योग मुळात बायकांचा होता! प्राचीन सुमेर देशात बियरची देवता होती निनकासी, एक देवी. तिचं सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचं स्तोत्र मातीच्या विटांवर सापडलंय आणि त्यात बियर करण्याची रीतच सांगितलेली आहे. इंग्लंडमध्ये घरोघरी बायका एल बनवायच्या, घरात वापरायच्या, जास्तीची विकायच्या. आपल्याकडे बायका पापड-कुरडया करून विकतात तसंच. जुडिथ बेनेट नावाच्या इतिहासकार बाईंनी १३०० ते १६०० या काळाचा अभ्यास करून दाखवलंय, की धंद्याला भांडवल लागायला लागलं, हॉप्सची टिकाऊ बियर आली, मोठी भट्टी आणि मोठी गिऱ्हाइकी आली, तसा हा धंदा बायकांच्या हातून पुरुषांकडे गेला. घरात चार पैसे मिळतात तोवर बायकांचं काम, पेढी झाली की मालक पुरुष! हे काही आपल्याला नवीन नाही.

आणि आपल्या देशातलं उदाहरण तर किती जवळचं! बायोकॉनच्या किरण मजुमदार-शॉ माहीत आहेत ना? त्यांचे वडील बियरच्या कारखान्यात मुख्य ब्रूमास्टर होते. किरणबाईंनी ऑस्ट्रेलियात जाऊन १९७५ मध्ये ब्रूमास्टरची पदवी घेतली. परत आल्यावर बाई म्हणून भारतातल्या एकाही ब्रुअरीने त्यांना ते पद देऊ केलं नाही. म्हणून १९७८ मध्ये त्यांनी बंगळुरूत बायोकॉन काढली. आंबवण्याचं तेच शास्त्र त्यांनी औषधांकडे वळवलं. ब्रुअरीवाल्यांचा तोटा, देशाचा फायदा. दिल्लीत तर दारू मिळते अशा हॉटेलांच्या जागी बायकांनी नोकरीच करायची नाही असा १९१४ चा कायदा होता, तो २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवला. मुंढव्याला आम्हाला ग्लास आणून देणारी मुलगी लातूरची होती. पगारावर भावाचं शिक्षण करते. तिला बघून मला बरं वाटलं आणि रात्री ती घरी कशी जात असेल याची काळजीही वाटली. दोन्ही खरं.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या टेस्टिंग रूममध्ये मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट प्यायची नव्हतीच. ती होती भिंतीवरचा फळा. शाळेतल्यासारखा काळा फळा, त्यावर खडूने ठळक लिहिलेलं. बियरचं नाव, कशापासून केली, कडू किती, आणि अल्कोहोल किती टक्के. धन्यांची ४.८. केळ्याच्या वासाची ५. कारल्याची ६.५. काळी ५.५. कुणीही यावं, वाचावं.

मी पर्समधून पेन काढलं आणि कागदी रुमालावर हिशेब मांडला. चारही ग्लास मिळून निव्वळ अल्कोहोल किती? साधारण २२ मिली. दोघींत वाटून, आणि मी तर अर्धंसुद्धा संपवलं नव्हतं. मग मी मुलाला विचारलं, ‘आमच्याकडच्या शॉपीत लोक स्ट्राँग मागतात, ती कितीची असते?’ म्हणाला, ‘८ टक्क्यांपर्यंत, काकू. बाटली ६५० मिलीची.’ करा बरं गुणाकार. ५२ मिली. आणि व्हिस्कीचा मोठा पेग म्हणजे ६० मिली, ४२.८ टक्क्यांचा. त्यात अल्कोहोल किती? २६ मिलीसुद्धा नाही.

म्हणजे मैत्रिणींनो, ‘फक्त बियर’ची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग! ज्या घरात ‘व्हिस्कीला हात लावत नाहीत हो’ असं कौतुक चालतं, त्या घरात रविवारी तीन बाटल्या येतात. सहा मोठे पेग. हा हिशेब आपल्याला कुणी सांगितला होता? मी अठरा वर्षं या कामात आहे, शिबिरांना जाते, पत्रकं वाटते. यकृताची चित्रं दाखवणारे खूप भेटले, हा साधा गुणाकार कुणी करून दाखवला नाही.

आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बियरमध्ये सौम्यपेक्षा स्ट्राँगच कितीतरी जास्त खपते. कारण उघड आहे. चवीसाठी कोण पितो? तेवढ्याच पैशांत जास्त चढायला पाहिजे. उभ्या उभ्या, रिकाम्या पोटी, घाईत, आणि वर मोटरसायकलवरून घरी. टेस्टिंग रूममधला माणूस चार घोटांसाठी तासभर बसतो, सोबत खातो, बायकोशी बोलतो, रिक्षा मागवतो. खिशात पैसा, हातात वेळ, पाठीशी घर. या वातावरणाचं श्रेय बियरला देऊ नका, ते त्या खिशाचं आहे. उद्या कुणी तुम्हाला सांगेल, ‘अहो, पुण्या-मुंबईत बायकासुद्धा बियर पितात, तुम्ही कुठल्या जमान्यात राहता?’ त्याला म्हणा, तिथे फळ्यावर आकडा लिहितात, तू तुझ्या बाटलीवरचा मला वाचून दाखव.

आणि बाईनेही समतेच्या नावाखाली स्वतःला फसवू नये. ग्लास पुरुषाएवढाच भरला तरी शरीर तेवढंच सोसत नाही. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच दारूने रक्तातलं अल्कोहोल जास्त वाढतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका दारूने वाढतो हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं, की दारूचं अमुक एक प्रमाण पूर्ण सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. गरोदरपणात तर थेंबसुद्धा नको. हे मी त्या मुलासमोरच भाचीला सांगितलं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे काकू, मी माझ्या बायकोला दोन वर्षं चव बघायलासुद्धा दिली नाही.’

मला एक गोष्ट मात्र खटकत राहिली. स्टीलच्या टाकीत आंबवलं की ते ‘क्राफ्ट’. त्याला फळा, त्याला कौतुक, त्याची पेपरात पुरवणी. आणि पाड्यावरची बाई तिच्या आजीच्या रीतीने मोहाची फुलं आंबवते तेव्हा तिची मडकी फुटतात आणि तिच्यावर केस होते. गावठी गाळण्याच्या नावाखाली विषही विकलं जातं, हे मला पक्कं माहीत आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांच्या बायका कुठे गेल्या हे कुणी विचारलं नाही. म्हणून मी गावठीची वकिली करणार नाही. पण कुणाची कला आणि कुणाचा गुन्हा हे ठरवताना टाकीची चकाकी बघितली जाते, एवढं तरी मान्य करू या.

परत येताना रिक्षात भाचीने विचारलं, ‘मावशी, तुमच्या गावात अशी जागा निघाली तर तू विरोधात सह्या गोळा करशील का गं?’ मी विचार करून सांगितलं, शाळेजवळ, देवळाजवळ, एसटी स्टँडजवळ निघाली तर नक्की करेन. गावाबाहेर निघाली, एकवीस वर्षांखालच्या पोरांना खरोखर आत घेतलं नाही, फळा लावला, वेळेवर बंद केली, तर माझा वेळ मी तिच्यावर घालवणार नाही. माझं भांडण आहे ते बाजारपेठेतल्या त्या चार शॉप्यांशी, जिथे आठवीतला मुलगा ‘पप्पांनी सांगितलंय’ म्हणून बाटली घेऊन जातो. ‘म्हणजे तू मवाळ झालीस,’ असं ती म्हणाली. मला नाही तसं वाटत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते (२०१९ ते २१ ची), की ज्या बायकांचे नवरे वारंवार झिंगून येतात त्यांच्यातल्या ७० टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसलेली आहे. नवरा पीत नाही तिथे हे प्रमाण २३ टक्के. (तेवीस तरी का असावं, हा वेगळा लेख.) देशात दारू पिणारे पुरुष शंभरात १९, बायका शंभरात एक. म्हणजे पिणारा तो आणि सोसणारी ती, हे गणित अजून कुठेही बदललेलं नाही. पुण्याच्या चार काचेच्या खोल्यांत बदललं असेल.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत मी एक रिकामी स्ट्राँगची बाटली नेली. बायका आधी तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. मग हळूहळू एकीने हातात घेतली. २०१९ पासून बाटलीवर ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक’ अशा अर्थाचा इशारा सक्तीचा आहे, पण तो आणि टक्केवारी इतक्या बारीक अक्षरांत, आणि इंग्रजीत, की चाळिशीचा चष्मा लावूनही मला दिव्याखाली धरावी लागली. मग दहावी झालेल्या सुनेने मोबाईलचा उजेड पाडून वाचलं. आठ. फरशीवर खडूने गुणाकार केला. ५२. शेजारी पेगचा. २६. कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातून आवाज आला, ‘ताई, आमच्याकडं शनिवारी चार असत्यात.’ तिने बोटं मोजली आणि आठवर थांबली.

त्या दिवशी आम्ही ठरवलं. आडव्या बाटलीचं पुन्हा बघू, त्याला यादी लागते, निवडणूक लागते, वर्ष लागतं. आत्ता एवढंच मागायचं, की प्रत्येक शॉपी आणि परमिट रूमच्या दारात मराठीत, मोठ्या अक्षरांत फळा हवा. बाटली किती मिलीची, टक्के किती, आणि पेगच्या हिशेबात किती. पुण्यातल्या लोकांना जे खडूने लिहून मिळतं ते आमच्या तालुक्यालाही मिळावं. अर्ज मीच लिहिला. १८७ सह्या झाल्या, त्यात ११ अंगठे.

शॉपीवाल्याला कुणकुण लागली. तो भला माणूस आहे तसा, गणपतीला वर्गणी देतो. मला रस्त्यात थांबवून म्हणाला, ‘ताई, तुमच्या फळ्याने उलटंच होईल बघा. आकडा लिहिला की लोक मोठ्या आकड्याचीच मागतील.’ मी म्हटलं, ‘दादा, ते आत्ताही मोठ्या आकड्याचीच मागतात. तुमच्या गिऱ्हाइकाला आकडा तोंडपाठ आहे. फळा त्याच्यासाठी नाहीच, भाजी घेऊन समोरून जाणाऱ्या बायकांसाठी आहे.’

अर्ज राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात दिलाय. पोच घेतलीय, तारखेचा शिक्का आहे. येत्या सोमवारी आम्ही सातजणी पुन्हा जाणार आहोत.